ओवीच्या आईला, ३१ ऑक्टोबरच्या आधी

प्रिय मुक्ता,



काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, त्या दिवशी दिवे बंद करून आत बसलो तर चालेल का गं?" चालेल, असं मी म्हटलं खरं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून आज सवडीनं लिहायला बसले.

इथला, अमेरिकेतला, हॅलोवीनचा रिवाज साधा आहे. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ज्या घराच्या पोर्चचा दिवा लागलेला असेल तिथे मुलांनी "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणत खाऊ मागायला जायचं, दिवा बंद असेल तर पुढच्या घराकडे वळायचं. कुणी रुसत नाही, कुणी कारण विचारत नाही. जेहोवाज विटनेस पंथाची माणसं हॅलोवीन पाळत नाहीत. बरीच मुस्लिम कुटुंबं आणि काही कर्मठ ख्रिस्ती घरंही लांब राहतात. एखाद्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. त्यांच्या बंद दिव्याचा मान राखायचा आणि ओवीलाही तेच शिकवायचं. तुझं कारण मात्र यातलं नाही. तू घाबरली आहेस. तुमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरतंय ते तू मला पाठवलंस: चॉकलेटात टाचण्या, सफरचंदात ब्लेड, अनोळखी माणसाने दिलेलं विष. तेव्हा आधी त्या भीतीचंच बोलू.

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक वर्षं या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९५८ पासूनच्या बातम्या त्यांनी तपासल्या. कुणा परक्याने दारावर आलेल्या मुलांना वाटेल तसा विषारी खाऊ वाटला आणि त्यात एखादं मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. बऱ्याच बातम्या पुढे खोट्या ठरल्या किंवा कुणाची तरी चेष्टा निघाल्या. एक घटना मात्र खरी आणि भयंकर आहे. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांच्या मुलाला हॅलोवीनच्या रात्री गोड पावडरीच्या नळीतून सायनाइड दिलं गेलं. देणारा त्याचा सख्खा बाप होता. विम्याच्या पैशांसाठी त्याने ते केलं आणि दोष अनोळखी दारावर ढकलायचा प्रयत्न केला. पुढे १९८२ साली शिकागोच्या परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सुलांत सायनाइड मिसळल्याने सात माणसं मेली. हॅलोवीन महिन्यावर आलं होतं, आणि भीती सगळ्या देशाच्या मनात घट्ट बसली. खाऊच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून देणारी हॉस्पिटलंही निघाली. तुमच्या ग्रुपवरचे निरोप त्या काळापासून चालत आले आहेत.

म्हणून पिशवी तपासायचीच नाही असं मी म्हणत नाही. घरी आल्यावर सगळा खाऊ टेबलावर ओत. वेष्टन फाटलेलं असेल, पाकीट उघडून चिकटवलेलं वाटलं, नाव धड नसलेली गमी असेल, तर सरळ केराच्या डब्यात टाक. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं कर आणि मग खरी भीती जिथे ठेवायला हवी तिथे ठेव.

ती जागा म्हणजे रस्ता. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदी पाहिल्या आणि हॅलोवीनच्या संध्याकाळची तुलना एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळशी केली. पायी चालणाऱ्याचा गाडीच्या धडकेने जीव जाण्याचा धोका त्या संध्याकाळी ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो दहापट होता. ओवी सहा वर्षांची आहे, मुक्ता. हा आकडा मी वाचला तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सर्वांत वाईट वेळ सहाच्या आसपासची. न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्य सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना मावळतो. संधिप्रकाशात गाडी चालवणाऱ्याला धड उजेडही नसतो आणि हेडलाइटचाही पुरता उपयोग होत नाही. अंगावर काळी चेटकीण, काळा बॅटमॅन, काळी मांजर. आणि मुलं समोरच्या घराचा दिवा बघून दोन उभ्या गाड्यांच्या मधून धावत सुटतात. नेमकी तीच वेळ ऑफिसातून परतणाऱ्यांची. ओवीचा बाबा, निखिल, मेट्रोपार्क स्टेशनला गाडी ठेवून ट्रेनने कामाला जातो ना? त्याला त्या दिवशी घरून काम करू दे किंवा दुपारी लवकर निघू दे. ते जमणारच नसेल तर कॉलनीत शिरल्यावर गाडी अक्षरशः चालण्याच्या वेगाने आणायची, फोन मागच्या सीटवर टाकायचा. ओवीला सांभाळण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे, कारण रस्त्यावर त्या वेळी सगळ्यांचीच मुलं असतात.

ओवीला झाशीची राणी व्हायचंय हे ऐकून मला फार आनंद झाला. नऊवारीला काष्टा असतो, त्यामुळे इथल्या परी-राजकन्यांच्या घोळदार झग्यांसारखा तो पायात येत नाही. फक्त लांबी घोट्याच्या वर ठेव आणि पायात तिचे रोजचे बूट घाल. थंडी असणारच, आतून गरम कपडे घाल, म्हणजे वर जाकीट चढवून सगळा थाट झाकावा लागणार नाही. तलवार मऊ फोमची. ढालीच्या कडेला आणि पाठीवर चमकणारी पट्टी चिकटव. सायकलच्या दुकानात मिळते, हेडलाइट पडला की लांबून दिसते. मुखवटा नको, त्याने बाजूचं दिसत नाही. कपाळावर चंद्रकोर काढ, तेवढं पुरे.

आता मला खरं म्हणायचंय त्याकडे येते. तू जे जे विचारलंस ते सगळं ओवीबद्दल होतं: ओवीला कोण काय देईल, ओवी कुठे जाईल, ओवीने काय खावं. आईने हेच विचारायचं असतं. पण घर घेतलंस म्हणजे आता तू नुसती ओवीची आई राहिली नाहीस, त्या गल्लीतलं एक दार झालीस. त्या संध्याकाळी ओवी तीसेक दारांत जाईल, आणि तुझ्या दारात त्याच्या दुप्पट-तिप्पट मुलं येतील. ती कोणती मुलं असतील हे तुला आधी कळणार नाही. त्यांच्यासाठी दार कसं असावं, हे कुणी मला विचारत नाही, आणि मला तेच सांगायचं असतं.

मी शाळेत विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करते हे तुला माहीत आहे. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये पुठ्ठ्याचं एक दार उभं करतात आणि मुलांकडून सराव करून घेतात: दार वाजवायचं, थांबायचं, पिशवी पुढे करायची. आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो तोंडाने बोलत नाही, पण त्याला सांगायचं पुष्कळ असतं. गळ्यात पट्ट्याने टॅब्लेट अडकवलेला असतो, त्यावर चित्रांची बटणं; बटण दाबलं की टॅब्लेट त्याच्या वतीने बोलतो. स्पीच थेरपिस्टने त्यात भोपळ्याचं चित्र असलेलं नवं बटण घालून दिलं होतं. दाबलं की आवाज यायचा, "ट्रिक ऑर ट्रीट!" तो आवाज ऐकून तो स्वतःच हसायचा. त्याच्या आईने मला विनंती केली की पहिल्यांदाच बाहेर नेतेय, तुम्ही बरोबर याल का? मी गेले.

तो रोबो झाला होता. खोक्यांना चंदेरी कागद लावलेला, हातात चंदेरी मोजे. पहिली काही घरं छान झाली. मग एका घरात चेटकिणीची टोपी घातलेली एक हसरी बाई बाहेर आली. हातात चॉकलेटांचा मोठा वाडगा. तिने तो लाडाने उंच धरला आणि म्हणाली, "आधी काय म्हणायचं असतं बरं?" त्याने बटण दाबलं. काही वाजलं नाही. मोज्यातल्या बोटाला तो पडदा दाद देत नव्हता. त्याने पुन्हा दाबलं, मग दातांनी मोजा ओढायला लागला. बाई म्हणाली, "मला ऐकूच आलं नाही! जरा मोठ्याने!" मागे चार-पाच मुलं खोळंबली होती, त्यातलं एक म्हणालं, "ही इज नॉट सेइंग इट." मोजा निघाला, पण मग त्याचं बोट बटणापर्यंत गेलंच नाही. तो वळला आणि पायरी उतरला. आईने हळूच सांगितलं तेव्हा बाईचा चेहरा पडला. मूठभर चॉकलेटं घेऊन ती धावत हिरवळीवर आली. त्याने घेतली नाहीत. टॅब्लेटवर त्याने "होम" दाबलं, ते मात्र लगेच वाजलं.

ती बाई वाईट नव्हती, तिला मुलांची हौसच होती. आणि त्या मुलाला काय आहे हे तिला ओळखता यायला हवं होतं, असंही मी म्हणत नाही. ओळखायची काही गरजच नव्हती. वाडगा खाली धरला असता आणि "अरे वा, रोबो!" म्हणून चॉकलेट पुढे केलं असतं, तर सगळं झालं असतं.

म्हणून तुझ्या दारात एवढं पाळ: मुलाला काहीही सिद्ध करायला लावू नकोस. जो येईल त्याला दे. "ट्रिक ऑर ट्रीट" म्हटलं नाही, थँक यू म्हटलं नाही, डोळ्यांत बघितलं नाही, एकाच्या ऐवजी मूठभर उचलली, वाडग्यात हात घालून मिनिटभर काहीच निवडलं नाही, दार उघडल्याबरोबर थेट तुझ्या दिवाणखान्यात शिरला, तरी दे. बोटांची पकड नीट नसलेल्या मुलाला एकच चॉकलेट उचलता येत नाही. स्वमग्न मुलाला मुखवटा चेहऱ्यावर सहन होत नाही, कपड्याची शिवण टोचते, म्हणून ते साध्या टीशर्टवर येतं. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला तुझे ओठ दिसायला हवेत, तेव्हा तू स्वतः मुखवटा घालू नकोस आणि उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी उभी राहा. कुणाला काय आहे हे त्या दोन मिनिटांत तुला कळणार नाही. न कळताही देता येतं.

काही वर्षांपूर्वी, २०१८-१९ च्या सुमाराला, निळ्या बादलीची कल्पना पसरली. स्वमग्न मुलाच्या हातात भोपळ्याच्या आकाराची निळी बादली द्यायची, म्हणजे दारातल्या माणसाने समजून घ्यावं. ज्या आयांनी ती सुरू केली त्यांची तगमग मी रोज बघते. दर दारात तेच तेच समजावून त्या थकलेल्या असतात. एखाद्या घराला ती उपयोगी पडत असेल तर त्यांनी जरूर वापरावी. पण माझं मन तिच्याबाबतीत साफ नाही. आपल्याला काय आहे याची खूण मुलानेच हातात धरून दारोदार का फिरावं? अनेक मोठ्या स्वमग्न माणसांनीही हाच आक्षेप घेतला आहे. आणि त्या रोबोच्या हातात निळी बादली नव्हती म्हणून त्याच्याशी वेगळं वागायला हरकत नव्हती, असा अर्थ निघायला लागला तर ते फार वाईट.

याउलट मोरपंखी भोपळा मला मनापासून आवडतो. २०१२ साली पूर्व टेनेसीत, अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुटुंबांच्या एका गटाने तो सुरू केला. २०१४ पासून फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने तो देशभर नेला. दारात निळसर हिरव्या रंगाने रंगवलेला भोपळा ठेवायचा. त्याचा अर्थ, या घरी खाण्याच्या पदार्थाखेरीज दुसरंही काही मिळेल. इथे खूण घराने धरली आहे. मूल आपलं काही न सांगता, लांबूनच रंग बघून, निर्धास्त येतं. अमेरिकेत साधारण दर १३ मुलांमागे एकाला अन्नाची ॲलर्जी आहे. तुझ्याकडे शंभर मुलं आली तर त्यात अशी सात-आठ असतील, असं धरून चाल.

या बाबतीत आपल्या घरांनी जास्तच जपायला हवं. इथल्या कायद्याने मोठ्या ॲलर्जी नऊ धरल्या आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदामासारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि नववे तीळ. तिळाचं नाव १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर लिहिणं सक्तीचं झालं. म्हणजे संक्रांतीला वाड्यात तू डबा घेऊन ज्याच्यासाठी घरोघर फिरायचीस, त्या तिळगुळाच्या एका लाडवात नवांतले दोन जिन्नस आले. आणि दाण्याचं कूट तर आपल्या हाताला कायम लागलेलं असतं. दिवाळीही त्याच सुमाराला येते, २०२४ ला तर नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरलाच होती. एकीकडे चिवडा परतायचा आणि दुसरीकडे दार उघडायचं, असं सगळ्या मराठी घरांत चाललं होतं. तेव्हा दारात बसण्याआधी हात साबणाने धू. सॅनिटायझर चोळून भागत नाही, शेंगदाण्याचा अंश त्याने जात नाही, साबण-पाणीच लागतं. आणि कुणा लहानग्यावर माया आली म्हणून चकली, चिक्की हातावर ठेवू नकोस.

दुकानातली चॉकलेटंही वाटतात तितकी सरळ नसतात. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला शेंगदाणा आणि काजू दोन्ही चालत नाहीत. हॅलोवीनच्या रात्री ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळा खाऊ पसरते आणि फोनच्या भिंगातून एकेक कागद वाचते. अंगठ्याएवढं वेष्टन, त्याची घडी नेमकी अक्षरांवर आलेली. पुष्कळ छोट्या वड्यांवर घटकांची यादीच नसते. ती बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असते, आणि ती पिशवी देणाऱ्याच्या घरी राहिलेली. शिवाय एकाच नावाच्या मोठ्या वडीत आणि छोट्या वडीत घटक वेगळे असू शकतात, ती वेगळ्या कारखान्यातली असू शकते. ज्या वडीचं काही कळत नाही ती बाजूला जाते. मुलगा समोर बसून बघत असतो, कुरकुर करत नाही. त्या ढिगातून शेवटी त्याच्या वाट्याला जे उरतं ते बघवत नाही. म्हणून सांगते, मोठी रिकामी पिशवी टाकू नकोस, दाराशीच ठेव. कुणा आईने विचारलं तर दाखवता येते.

आणि दोन वाडगे ठेव, वेगवेगळे. एकात खाऊ. दुसऱ्यात स्टिकर, पेन्सिली, साबणाच्या फुग्यांच्या कुप्या, अंधारात चमकणाऱ्या कांड्या. उसळणारे छोटे चेंडू नको, अगदी लहान मुलांच्या घशात अडकतात. रबरी फुगेही नको, काहींना त्या रबराचीच ॲलर्जी असते. दोन्ही वाडगे एकदमच सगळ्यांपुढे कर आणि "कुठलं हवं?" एवढंच विचार. "तुला ॲलर्जी आहे का?" असं नको. माझा अनुभव सांगते, ज्यांना कसलीच ॲलर्जी नाही अशीही मुलं चमकणाऱ्या कांडीवर तुटून पडतात, आणि ती हातात असली की रस्त्यावर दिसतातही. ओवीसाठी एवढंच बघ की गमी बेअर, मार्शमॅलो, कँडी कॉर्न यांत जिलेटिन असतं, आणि ते जनावराचं. तुमच्याकडे चालत नाही, तसंच अनेक मुस्लिम आणि ज्यू घरांतही चालत नाही. दुसऱ्या वाडग्याचा उपयोग त्यांनाही होतो.

तुमच्या पोर्चला चार पायऱ्या आहेत. व्हीलचेअरवरचं मूल त्या चढू शकत नाही. ते फुटपाथवर थांबतं आणि भाऊ-बहीण वर जाऊन त्याचा वाटा घेऊन येतात. मिळतं सगळं, पण दार वाजवायची मजा त्याला मिळत नाही. उपाय अगदी सोपा आहे: तू खाली ये. ड्राइव्हवेच्या तोंडाशी घडीचं टेबल टाक, खुर्ची घे, अंगावर शाल घे आणि तिथेच बस. वॉकर घेऊन येणारं मूल, आईच्या कडेवरचं मूल, पायऱ्यांना घाबरणारं मूल, सगळ्यांना एकच जागा. ड्राइव्हवेवरची ओली पानं झाडून घे, सजावटीच्या वायरी वाटेतून काढ. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेव, घोळदार कपडे पेटायला क्षण लागत नाही. शेजाऱ्यांचं बघून धुराचं यंत्र आणू नकोस, दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो. लखलखणारे दिवेही नको, त्याने काही मुलांना फिट येऊ शकते. होम डेपोचा तो बारा फुटी सांगाडा निखिलला फार आवडलाय असं ऐकलं. आणू दे, पण मूल जवळ आलं की किंचाळणारी वस्तू दाराच्या वाटेवर नको.

व्हीलचेअरच्या पोशाखांचं बघायचं असेल तर मॅजिक व्हीलचेअर या संस्थेचं काम शोध. ऑरेगनमधली ही माणसं मुलांच्या खुर्चीभोवती चक्क विमानं, ड्रॅगन, जहाजं उभी करतात आणि एक पैसा घेत नाहीत. दुकानांतही आता असे पोशाख मिळतात, ज्यांत फीडिंग ट्यूबसाठी पोटाशी उघडणारी जागा असते.

आणखी एका गोष्टीबद्दल मला राग येतो, तो इथेच सांगते. तुमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय की बाहेरच्या वस्तीतली मुलं गाड्या भरून येतात, त्यांना देऊ नका, आणि उंच वाढलेल्या पोरांना परत पाठवा. बाहेरून येणारी मुलं येतात कारण त्यांच्याकडे फुटपाथ नसतो, रस्त्यावर दिवे नसतात, किंवा अपार्टमेंटच्या इमारतीत दार वाजवू देत नाहीत. त्यांच्या आईला आपल्या मुलाला सुरक्षित गल्ली दाखवायची आहे. तुलाही तेच हवंय ना? आणि उंच पोरांचं म्हणशील तर आमच्या शाळेतून बाहेर पडलेली सतरा वर्षांची मुलं आहेत, ज्यांच्या मनाचं वय सात आहे आणि ज्यांचा हा वर्षातला सर्वांत आवडता दिवस आहे. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्या मुलाने खाऊ मागितला तर तुरुंगवासापर्यंत शिक्षा सांगणारा नियम होता. २०१९ मध्ये त्यांनी तुरुंगाची तरतूद काढली, तरी वयाची अट १४ वर आणून ठेवली. मला ती अटही पटत नाही. मिशा फुटलेला मुलगा पिशवी पुढे करून उभा राहिला तर त्याला चॉकलेट दे आणि पोशाखाचं कौतुक कर. पोशाख नसला तरी दे.

ज्या मुलांना दारोदार फिरणं झेपतच नाही, त्यांच्यासाठी शाळा आणि चर्च ट्रंक-ऑर-ट्रीट करतात. पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या, डिक्या सजवलेल्या, जमीन सपाट, रहदारी नाही. ओवीला तिथेही ने. पण त्याने गल्लीतल्या दारांची जबाबदारी कमी होत नाही. मुलांना आपल्या स्वतःच्या गल्लीत फिरायचं असतं.

राहता राहिला रस्ता. २०१२ साली हॅलोवीनच्या दोन दिवस आधी सँडी वादळ आलं. विजेच्या तारा रस्त्यांवर पडल्या होत्या, गावं अंधारात होती. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी आदेश काढून न्यू जर्सीतलं हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर नेलं. मुलांच्या जिवासाठी अख्ख्या राज्याने सण हलवला होता. त्या मानाने तुमची गल्ली साडेपाच ते आठ गाड्यांना बंद ठेवणं ही फारच छोटी गोष्ट आहे. टाउनशिपच्या ऑफिसात चौकशी कर. ब्लॉक पार्टीसाठी रस्ता बंद करायची परवानगी पुष्कळ गावांत मिळते, त्यासाठी शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. अर्ज तू आणून ठेव. शनिवारी मी येते, आपण दोघी मिळून गल्लीत फिरू आणि सह्या घेऊ. तुमची अजून धड ओळखही झालेली नाही त्या लोकांशी, तीही होईल. मोरपंखी रंगाचा डबा माझ्याकडे उरलेला आहे आणि घडीचं टेबलही आहे, दोन्ही गाडीत टाकून आणते. भोपळा मात्र ओवीने निवडायचा.

तुझी,
मावशी